ओरल पॅथॉलॉजीच्या माजी विद्यार्थ्यांनो, मॅडम निवृत्त होताहेत. विभागात आता कोण जाणार?

स्लाइड_ट्रे

नमस्कार मंडळी,

ज्यांच्यापर्यंत अजून पोचली नसेल त्यांच्यासाठी आधी बातमी. आपल्या ओरल पॅथॉलॉजी विभागाच्या (तोंडाच्या आजारांचं मायक्रोस्कोपखाली निदान करणारी शाखा) मॅडम जूनअखेर निवृत्त होताहेत. मुदतवाढ मिळणार नाही, हे त्यांनी स्वतःच फोनवर सांगितलं. त्यांच्या प्रोफेसरच्या जागेची जाहिरात निघालेली नाही. निघाली आहे ती लेक्चररच्या एका जागेची, अकरा महिन्यांच्या करारावर, ठोक मानधनावर. पहिल्या मुलाखतीला एकही उमेदवार फिरकला नाही, म्हणून तीच जाहिरात नवी तारीख टाकून पुन्हा लावली आहे. आपल्या ग्रुपवर ती फिरते आहे, आणि खाली प्रत्येक जण हात जोडल्याचं चित्र टाकून गप्प बसतो आहे. तिथे हा विषय पुढे सरकणार नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

बाकीची खबरबात अशी. आपला एक जण एमपीएससीतून शासकीय दंत महाविद्यालयात लागला, त्याचं मनापासून अभिनंदन. एक जण हिंजवडीत औषध कंपनीच्या ड्रग सेफ्टी विभागात आहे. एकीने पुण्यात मेडिकल कोडिंग धरलं. दोघांनी अध्यापन सोडून स्वतःचे दवाखाने टाकले आणि आता रूट कॅनॉल, कॅप, कवळी हेच करतात. मी दुसऱ्या एका खासगी कॉलेजात रीडर (लेक्चररच्या वरचं पद) आहे. म्हणजे ज्या विभागात आपण तीन-तीन वर्षं मायक्रोटोमशी, म्हणजे तुकड्याचे पातळ काप काढणाऱ्या यंत्राशी, झटापट केली, तिथे परत जाऊ शकेल असं माणूस आपल्यात मोजून दोन-तीन उरलं आहे.

हे एवढं गंभीर का, ते आपल्या शाखेबाहेरचे वाचक असतील त्यांच्यासाठी लिहिते. एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या, नऊ शाखा आहेत. नीट एमडीएस या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की ऑर्थो (वेडेवाकडे दात सरळ करणं), एंडो (रूट कॅनॉल), सर्जरी, प्रॉस्थो (कवळी, कॅप) या जागा आधी उचलल्या जातात. ओरल पॅथॉलॉजी, पब्लिक हेल्थ आणि ओरल मेडिसिन उरलेल्या जागांच्या शेवटच्या स्ट्रे राउंडपर्यंत रेंगाळतात. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी पात्रतेचं पर्सेंटाइल वीसहून जास्त अंकांनी खाली आणावं लागलं, तरी आपल्या शाखेचे वर्ग भरले नाहीत. आपल्या विभागातही गेल्या वर्षी एक जागा रिकामी गेली. आता प्रोफेसर नाही म्हटल्यावर पीजीचं, म्हणजे एमडीएस करणाऱ्या मुलांचं, युनिट नियमात कसं बसवणार? आणि पीजी नसतील तर संध्याकाळी तुकडे टिश्यू प्रोसेसिंगला लावणार कोण, सकाळी मेणात बसवलेले ब्लॉक कापणार कोण?

बीडीएसच्या, म्हणजे पदवीच्या, मुलांचं काय होईल, याचीही मला तितकीच काळजी आहे. पहिल्या वर्षाचं डेंटल अ‍ॅनाटॉमी आणि हिस्टॉलॉजी (ऊतींची रचना) आपल्याच विभागाकडे असतं. मेणाच्या ठोकळ्यातून वरचा पहिला मोलर कोरायला लावणं, त्याची काराबेलीची कस्प (बाजूचा छोटा उंचवटा) विसरली की ठोकळा परत करणं, काढलेला दात आधी लेथवर आणि मग अर्कान्सास दगडावर घासून घासून इतका पातळ करायला लावणं की खाली ठेवलेल्या वर्तमानपत्राची अक्षरं त्यातून वाचता यावीत. मुलं कुरकुर करतात, पण पुढे आयुष्यभर दातावर ड्रिल फिरवणारा हात इथे तयार होतो. हे शिकवायला अकरा महिन्यांसाठी आलेला माणूस कसा पुरेल? मुलांची नावं पाठ होईपर्यंत त्याचा करार संपलेला असेल.

आता मला खरं ज्याच्यासाठी लिहायचं होतं ती केस. मी तिथे असतानाची आहे. पेशंटची ओळख पटेल असं काही देत नाही. तिशीतला माणूस, ऊसतोडीच्या टोळीबरोबर फिरणारा, उजव्या गालाच्या आत पांढरी, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वाढ. सर्जरीच्या पीजीने वरवरचा तुकडा घेऊन पाठवला. स्लाइडवर केरॅटिनच केरॅटिन, वर निमुळती टोकं, आणि खालचा तळ कुठेच नाही. अशा तुकड्यावर व्हेरुकस हायपरप्लेसिया (चामखिळीसारखी, कॅन्सर नसलेली वाढ) म्हणा किंवा व्हेरुकस कार्सिनोमा (तशीच दिसणारा, सहसा न पसरणारा कॅन्सर) म्हणा, दोन्ही अंदाजच. बाहेरच्या लॅबने 'क्लिनिकल कोरिलेशन सुचवतो', म्हणजे पेशंट बघून तुम्हीच ठरवा, असं लिहून रिपोर्ट पाठवून दिला असता. मॅडमनी रिपोर्ट लिहिलाच नाही. त्या उठल्या, जिना उतरून सर्जरीत गेल्या, पेशंटला पुन्हा खुर्चीत बसवायला लावलं, हातमोजे घातले आणि बोटाने दाखवलं, 'इथून घे, शेजारचं चांगलं म्यूकोसा (तोंडाचं आतलं आवरण) बरोबर येऊ दे, आणि खाली स्नायू लागेपर्यंत जा.' दुसऱ्या तुकड्यात चित्र स्पष्ट होतं. बहुतेक ठिकाणी आवरणाचे रुंद, बोथट पेग्ज (खुंट) तळाला ढकलत चालले होते, पण एका कोपऱ्यात तळ फुटून पेशींची बेटं खाली उतरलेली होती, म्हणजे कॅन्सर आत शिरू लागला होता. निव्वळ व्हेरुकस असता तर मानेच्या गाठींना सहसा हात लावला नसता. त्या एका कोपऱ्यामुळे सगळं ऑपरेशन बदललं.

आपल्या राज्यात हे काम संपणार आहे असं कुणाला वाटत असेल तर २०१६-१७ चं जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षण बघा. महाराष्ट्रात प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू खातात. गुटखाबंदी २०१२ ची, आणि तरी ओपीडीत दोन बोटंही तोंडात जात नाहीत असे विशीतले पोरगे येतात. तोंड आखडवणाऱ्या या आजाराचं सबम्यूकस फायब्रोसिस हे नावच १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. जोशींनी दिलेलं. ज्या राज्यातून हा आजार जगाच्या पुस्तकात गेला, त्या राज्यात तो स्लाइडवर वाचणारा विभाग उमेदवाराअभावी मिटतो, हे मला सहन होत नाही.

तर माझे प्रश्न दोन. तुमच्यापैकी कोणी जाईल का, आणि नसाल जात तर नेमकं काय बदललं तर जाल? 'परिस्थिती वाईट आहे' असं मोघम नको, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही. इंटर्न्स मेसेज करून विचारतात, 'मॅम, ओरल पॅथ घेऊ का?' विभाग वाचवायचा म्हणून त्यांना हो म्हणायचं का?

---

बार्शीकर_दंतवैद्य

अगं, मी सोडलेल्यांपैकी एक, म्हणून आधी मीच लिहितो.

आपल्या विभागात नव्हे, त्यानंतर ज्या कॉलेजात लागलो तिथे मी जे पाहिलं त्यामुळे मी अध्यापन सोडलं. जॉइन होताना मूळ प्रमाणपत्रं जमा करून घेतली. पगार तीन-तीन महिने मागे. बायोप्सी जवळपास नव्हत्याच, कारण सर्जरीवाले तुकडे थेट बाहेर पाठवत. डिपार्टमेंटमध्ये एकाच वेळी पाच जणांनी बघायचा मायक्रोस्कोप होता, त्यावर कव्हर असायचं, आणि कव्हर फक्त इन्स्पेक्शनच्या दिवशी निघायचं. सोडायचं ठरवलं तर प्रमाणपत्रं परत मिळायला चकरा मारायला लावल्या. घरात लहान मूल, कर्जाचा हप्ता. मी काय करणार होतो? बार्शीत गाळा घेतला, खुर्ची टाकली. आज माझं घर चालतं आणि मला कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

पण तू केस लिहिलीस, म्हणून मीही एक गोष्ट सांगतो. माझ्या भागात संशयास्पद जखम दिसली की दंतवैद्य आता निदान तुकडा तरी काढतात, ही चांगली गोष्ट झाली आहे. मात्र तुकडा येतो कशात? सलाइनमध्ये. एकदा तर भुलीच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत आला, तळाला उरलेल्या थेंबांत. दोन दिवस एसटीच्या पार्सलमधून प्रवास केलेला, उन्हात. स्लाइडवर पेशींची नुसती भुतं, केंद्रक नाही, काही नाही. पेशंटला पुन्हा टोचायचं, पुन्हा कापायचं, आणि यातले निम्मे पेशंट पुन्हा येतच नाहीत. दहा टक्के फॉर्मालिनची छोटी बाटली, तुकड्याच्या निदान दहापट द्राव, बाटलीच्या अंगावर नाव आणि जागा लिहिलेली, झाकणावर नको. एवढंच लागतं. मी तालुक्यातल्या दवाखान्यांना अशा बाटल्या भरून देतो. माझ्या एमडीएसचा सर्वांत जास्त उपयोग मला इथेच झालेला आहे.

पूर्णवेळ मी येणार नाही, स्पष्टच सांगतो. शनिवारी येईन. मानधन नसलं तरी येईन, पण एका अटीवर. विभागात खरोखर स्लाइड असायला हव्यात. रिकाम्या विभागात सह्या करायला मी येणार नाही.

---

जुना_मास्तर

तुम्हां दोघांनाही मी शिकवलं आहे, त्यामुळे नावं न सांगताही ओळखलं. मॅडम माझ्या ज्युनिअर. निवृत्तीच्या उंबरठ्यापर्यंत त्यांनी तो विभाग एकटीने ओढला, हे आधी नोंदवतो.

हे असं का झालं याचा एक हिशोब मांडतो, कारण तरुण लोक स्वतःलाच दोष देत बसतात. नायर दंत महाविद्यालय १९३३ चं. मुंबईचं शासकीय १९४५ चं, नागपूरचं १९६८ चं, औरंगाबादचं १९८२ चं. बराच काळ राज्यात दंत महाविद्यालयं बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि ओरल पॅथॉलॉजीचा एमडीएस म्हणजे दुर्मिळ माणूस. मग ऐंशीच्या दशकात विनाअनुदानित शिक्षणाला दारं उघडली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यात दंत महाविद्यालयं उभी राहिली. प्रत्येकाला परवानगीसाठी प्रत्येक शाखेचे शिक्षक दाखवावे लागायचे. तेव्हा आपल्या मुलांना घरी येऊन नोकरी देत. ते पाहून पीजीच्या जागा वाढल्या. पण नवी कॉलेजं निघायची थांबली आणि आहेत त्या कॉलेजांच्या जागा भरल्या, तसा आपल्या माणसाचा बाजार संपला. शाखा उभी राहिली ती कॉलेजांच्या कागदांवर. पेशंटच्या गरजेवर तिला उभं करायचं राहून गेलं, आणि ते काम माझ्या पिढीने करायला हवं होतं.

म्हणून पत्र लिहिणार असाल तर 'शिक्षक द्या' एवढंच लिहू नका, ते व्यवस्थापनाला खर्च म्हणून दिसतं. विभाग रुग्णालयासाठी काय करतो ते लिहा. २०१५ मध्ये टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये मानेच्या गाठी आधीच काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत, आणि गाठ दिसेपर्यंत थांबलं तर ६७.५ टक्के. त्यानंतर एजेसीसीच्या, म्हणजे कॅन्सरचे टप्पे ठरवणाऱ्या नियमावलीच्या, आठव्या आवृत्तीत तोंडातला कॅन्सर किती खोल गेला ते मोजून टप्पा ठरवायला लागले. पाच मिलिमीटरपर्यंत एक, त्यापुढे दुसरा. ते मिलिमीटर मोजतं कोण? सर्जन नव्हे. स्लाइडसमोर बसलेला माणूस शेजारच्या निरोगी आवरणाच्या पातळीपासून सरळ खाली रेघ टाकतो आणि आकडा लिहितो. तो आकडा चुकला तर पुढचं सगळं चुकतं. हे व्यवस्थापनाच्या माणसाला समजेल अशा साध्या मराठीत लिहून द्या. मी तपासून देईन.

इंटर्न्सच्या प्रश्नावर माझं मत ठाम आहे. विभाग टिकवण्यासाठी एकाही मुलाला बोलावू नका. त्याच्या आयुष्याची तीन वर्षं आहेत आणि बापाचे पैसे आहेत. ज्याला मायक्रोस्कोप सोडवत नाही त्याला मात्र अडवूही नका.

---

लीड्सहून

सर, नमस्कार. मॅम, मलाही तुम्हीच पहिल्यांदा ब्लॉक कापायला शिकवलंत. लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

'इकडे पॅथॉलॉजी घ्या आणि यूकेला निघून जा' असं हल्ली कोचिंगवाले सांगतात, ते ऐकून कुणी निर्णय घेऊ नये. म्हणून मी इथे जे पाहते ते सांगते. ब्रिटनमध्ये जनरल डेंटल काउन्सिलच्या तेरा मान्य स्पेशालिटी आहेत आणि ओरल अँड मॅक्सिलोफेशियल पॅथॉलॉजी त्यांतली एक. पण ती अगदी छोटी आहे. आपल्या एमडीएसवर त्या यादीत थेट नाव लागत नाही. आधी दंतवैद्य म्हणून नोंदणी लागते. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा, मग ओआरई, म्हणजे परदेशात शिकलेल्या दंतवैद्यांची परीक्षा, त्याचे दोन भाग, आणि दुसऱ्या भागात नकली डोक्यावर दात तासून दाखवायचा. जागा मिळायला लोक वर्षानुवर्षं वाट बघतात. त्यापुढे ट्रेनिंग पोस्ट मिळाली तर, आणि शेवटी रॉयल कॉलेज ऑफ पॅथॉलॉजिस्ट्सची परीक्षा. मी ओआरई पास झाले आणि सध्या जनरल दंतवैद्य म्हणून काम करते. रोजचं काम फिलिंग आणि दात काढणं. यात मला वाईट वाटत नाही, पण ओरल पॅथ केलं म्हणून इथली दारं उघडली असं झालेलं नाही. उलट तीन वर्षं हातात ड्रिल नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या भागासाठी मला जास्त घाम गाळावा लागला.

मी काय करू शकते? महिन्यातून एकदा रविवारी तुमच्या सकाळी ऑनलाइन स्लाइड सेमिनार घेईन. मोठा स्कॅनर नको. आयपीसला (मायक्रोस्कोपच्या डोळा लावायच्या भिंगाला) फोन लावायचा साधा अडॅप्टर आणि दर केसचे पाच नीट फोटो पुरेत: कमी मॅग्निफिकेशनचा एक, तळ दाखवणारे दोन, जास्तचे दोन. पीजी एकच असला तरी चालेल. एकटा पीजी फार एकटा पडतो, वाद घालायलाही कुणी नसतं. मी आणि इथली माझी एक मैत्रीण, आम्ही वाद घालायला हजर राहू.

---

मायक्रो_इंटर्न

मॅम, तुम्ही ज्या मेसेजांबद्दल लिहिलंय त्यातला एक माझा आहे.

मला खरंच स्लाइड बघायला आवडतं. थर्ड इयरला अमेलोब्लास्टोमाची (जबड्यातल्या एका गाठीची) स्लाइड पहिल्यांदा फोकस झाली तेव्हा मी तास संपल्यावरही उठलो नव्हतो. पण घरी बाबा विचारतात, पुढे काय? नातेवाईक म्हणतात, दाताचा डॉक्टर होऊन दातच बघणार नाही? मी फॉरेन्सिकचंही वाचलं. दिल्लीच्या २०१२ च्या प्रकरणात चाव्याच्या खुणांचं विश्लेषण धारवाडच्या तज्ज्ञांनी केलं होतं, तेव्हापासून ते डोक्यात आहे. गांधीनगरला राष्ट्रीय न्यायवैद्यक विद्यापीठात फॉरेन्सिक ओडोंटोलॉजी शिकवतात. तो रस्ता कसा आहे? आणि स्वतःची लॅब टाकता येते का? कुणी खरं सांगत नाही, सगळे 'पॅशन असेल तर घे' म्हणतात.

---

बार्शीकर_दंतवैद्य

मित्रा, लॅबचं मी सांगतो कारण मी तो विचार करून सोडला. रक्त-लघवीची सर्वसाधारण लॅब आपल्या सहीवर चालत नाही. २०१७ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत वैद्यकीय डॉक्टरचीच सही हवी. आपलं क्षेत्र तोंडातल्या बायोप्सीचं. तेवढ्यावर तालुक्याच्या गावात भाडंही निघत नाही. मोठ्या शहरात कॅन्सर हॉस्पिटलशी किंवा कॉलेजशी जोडून घेतलं तर गोष्ट वेगळी. घरून हे सांगणारं कुणी नसतं म्हणून सांगितलं, घाबरवायचं म्हणून नव्हे.

---

स्लाइड_ट्रे

सगळ्यांचे आभार. मला हात जोडल्याच्या चित्रांऐवजी हेच हवं होतं.

आधी इंटर्नला. तुला मी सरांसारखंच सांगेन, पण जरा विस्ताराने. फॉरेन्सिक हा सुंदर विषय आहे आणि अपघातात, आगीत सापडलेल्या माणसाची ओळख दातांवरून पटवण्याचं काम समाजाला हवंच आहे. पण त्यावर पगारी जागा फार थोड्या आहेत, आणि चाव्याच्या खुणांच्या भरवशाबद्दल जगभर वाद चालू आहे. त्याला आवड म्हणून जवळ ठेव, पोटाचं साधन धरून चालू नकोस. ओरल पॅथ घ्यायचं असेल तर फक्त अशा विभागात घे जिथे बायोप्सी खरोखर येतात. जागा घेण्याआधी स्वतः जाऊन बायोप्सीचं रजिस्टर बघायला माग. गेल्या वर्षभरात नंबर कितीपर्यंत गेला ते बघ, शेवटच्या महिन्याची पानं बघ. मायक्रोटोमच्या ब्लेडवर धूळ आहे का बघ. टेक्निशियनशी बोल, तो खरं सांगतो. आणि तीन वर्षांत क्लिनिकल हात सोडू नकोस. संध्याकाळी एखाद्या दवाखान्यात बस, म्हणजे उद्या जागा मिळाली नाही तरी उपाशी राहणार नाहीस. हे सगळं ऐकूनही घ्यावंसं वाटलं तर घे आणि मला फोन कर, बाबांशी मी बोलेन. 'पॅशन असेल तर घे' एवढंच म्हणून मी तुला सोडणार नाही.

आता जागेबद्दल. मी स्वतः जायचं का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मला मेसेजमध्ये तिघांनी विचारला. रीडरवरून करारावरच्या लेक्चररच्या जागेवर मी जाणार नाही. माझ्या घरच्यांनी माझ्यासाठी जे सोसलं त्यानंतर तो निर्णय मला घेता येत नाही. प्रोफेसरची जागा नियमित वेतनश्रेणीत निघाली तर मी अर्ज करेन, हे इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवते. अनुभवाच्या अटीत मी बसते.

म्हणून सरांनी सांगितलं तसं पत्र आपण माजी विद्यार्थी म्हणून व्यवस्थापनाला देऊ. मुख्य मागणी प्रोफेसरच्या नियमित जागेची. लेक्चररची जागाही करारावर नको, आणि कुणाचीही मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेऊ नयेत, पडताळणी करून त्याच दिवशी परत द्यावीत. बार्शीकरांचं वाचून मला ते पत्रात असायलाच हवं असं वाटतं, कारण उमेदवार न येण्याचं निम्मं कारण हेच आहे आणि त्याला व्यवस्थापनाचा एक रुपयाही लागत नाही. त्याबरोबर, रुग्णालयात काढलेला प्रत्येक तुकडा, मग तो साधा एप्युलिस (हिरडीवरची गाठ) का असेना, आधी आपल्या विभागात यावा असा लेखी आदेश काढावा. बायोप्सी आल्या तर विभाग जगेल. शिक्षक नेमून बायोप्सी बाहेर जात राहिल्या तर तो माणूसही वर्षभरात जाईल.

आपल्याकडून काय देतो आहोत तेही लिहू, म्हणजे नुसतं मागणं वाटणार नाही. शनिवारचं रिपोर्टिंग बार्शीकरांचं. महिन्याचा रविवारचा सेमिनार लीड्सचा. कॅन्सर किती खोल गेला ते मोजण्याबद्दलचं एक पान सरांनी तपासून दिलेलं. आजूबाजूच्या तालुक्यांतल्या दंतवैद्यांना फॉर्मालिनच्या बाटल्या आणि भरायचा फॉर्म पुरवायचं काम मी घेते, बाटल्यांचा खर्च आपण वर्गणीतून करू. हिंजवडी आणि पुण्याच्या मंडळींनी एवढं करावं: तुमच्या कंपन्यांत एक्सेलवर जे रोज करता, तसं विभागाच्या जुन्या बायोप्सी रजिस्टरचं संगणकीकरण. ती रजिस्टरं ओलीने खराब होताहेत, आणि त्यांत मराठवाड्यातल्या तोंडाच्या आजारांची अनेक वर्षांची नोंद आहे. कुणालाच ती परत गोळा करता येणार नाही. मॅडम असेपर्यंत ते काम सुरू झालं तर त्यांचं अक्षर वाचायला त्या शेजारी बसतील.

पत्राचा मसुदा रविवारी इथेच टाकते. सही करताना नावापुढे बॅचचं वर्ष आणि सध्या काय करता ते लिहा, दवाखाना असो, कोडिंग असो, घर सांभाळणं असो. व्यवस्थापनाला कळू दे की त्यांनी घडवलेली माणसं कुठे कुठे गेली. ज्यांना सध्याच्या नोकरीमुळे सही करता येत नाही त्यांनी मला खासगीत कळवा, कुणी नावं ठेवणार नाही.

इंटर्न, बुधवारी दुपारी दोननंतर विभागात जा. त्या वेळी मॅडम रिपोर्टिंगला बसतात. माझं नाव सांग आणि शेजारच्या आयपीसवर बस. रजिस्टरही तेव्हाच बघून घे.